दारापाशचं बटण

बाबांना गणपतीला गावी न्यायचं, तर वाटभर वीज हवी होती. अडत होतं ते एवढ्यावरच. तरुणपणी गिरणीतला कापूस त्यांच्या छातीत गेला आणि म्हातारपणी उगवला, असं आई म्हणते. गेली तीन वर्षं ते ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. मशीन म्हणजे खाटेशेजारी उभी असलेली, दिवसरात्र गुरगुरणारी एक पेटी. तिची वायर भिंतीतल्या सॉकेटला आणि नळी बाबांच्या नाकाला. वीज गेली की ती किंचाळते, आणि मी घरात कुठेही असले, डोक्यावर पाणी घेत असले, तरी तशीच धावते. अंधेरीची नोकरी मी केव्हाच सोडली. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत माझं आयुष्य आता ती नळी जाईल तेवढंच आहे. तक्रार नाही करत. म्हणजे, करतेच आहे.

भाऊ मुलुंडला असतो. वाईट नाही तो, पण त्याला कल्पना फार सुचतात आणि त्या निस्तरायला मी असते. यंदा श्रावणात त्याचा फोन आला.

"ताई, झकास गोष्ट सापडलीय. चालतंफिरतं घर! आत बेड आहे, बेसिन आहे, फ्रिज आहे. आणि ऐक, घरासारखी सॉकेटं आहेत. बाबांचं मशीन लावायचं आणि सुटायचं."

"गाडी चालत असताना चालतात का ती?"

"चालत असणार ना."

असणार! या एका शब्दावर मी बाबांना घाटातून नेणार नव्हते. मी स्वतःच गाडीवाल्याला फोन लावला. त्याचं गॅरेज अंधेरीला. तो बिचारा समजावत गेला, की गाडी उभी असली तर बाहेरून वायर जोडून सगळं चालतं, एसी आणि गिझरसुद्धा. चालत्या गाडीत ते दोन्ही विसरायचे. तेव्हा सॉकेटांना वीज येते ती बॅटरीवरच्या इन्व्हर्टरमधून, आणि इंजिन ती बॅटरी भरत राहतं. पंखा, चार्जर, छोटं मशीन, एवढं निवांत चालतं. ट्रॅफिकमध्ये अडकलो तर? चालतं. इंजिन बंद केलं तर? बॅटरी असेपर्यंत चालतं. बॅटरी जुनी असली तर? शेवटी तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा फिरवूनच बघा ना."

मग तसंच ठरलं. बोरिवली ते वर्सोवा आणि परत. जाता-येता मशीन न अडखळता चाललं तर गावी जायचं, नाहीतर विषय बंद. हे मी बाबांसमोरच सांगितलं.  तीन वर्षांत त्यांनी गावच्या घरचा गणपती पाहिलेला नाही. मनातलं बोलून दाखवायची त्यांना सवय नाही, पण आईने मला ओट्यापाशी गाठून दोनदा सांगितलं, "यंदा तेंका न्हेवकच व्हया गो." जणू मीच अडवून धरलं होतं. खरं तर मला इतका शीण आला होता की गाव, गणपती, समुद्र, काहीच नको वाटत होतं. एक दिवस कुणी माझं नाव घेऊन हाक मारली नाही तर बरं, एवढीच इच्छा होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी निघताना बाबांची फेरी झाली. ही आमच्या घरातली जुनी रीत. घराबाहेर पडायचं तर आई गॅस बघणार, मी खिडक्या लावणार आणि बाबा बटणं बंद करणार. चाळीत होतो तेव्हापासून हे त्यांचं काम. कुठे लाल ठिपका दिसला की "फुकट जळता" म्हणत खट्‌. दाराजवळचं बटण सगळ्यात शेवटी. पाहुण्यांकडून निघतानासुद्धा त्यांनी यजमानांच्या बैठकीतला दिवा मालवला आहे, माणसं आत बसलेली असताना. एकदा दवाखान्यात जायच्या गडबडीत त्यांनी स्वतःच्या मशीनचंही बटण बंद केलं, तेव्हापासून त्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. आज भिंतीला धरत, मध्येच थांबत, बाहेर न्यायच्या छोट्या ऑक्सिजन सिलिंडरची नळी नाकात घेऊन त्यांनी दोन खोल्यांची फेरी पुरी केली. आई, मी आणि मुलुंडहून आलेला भाऊ, आम्ही तिघं चपला घालून उभे.

गाडी खरंच घरासारखी होती. बेडच्या उशाशी सॉकेट, त्याला बटण. मी मशीन लावलं, चालू केलं आणि लगेच त्या बटणावर चिकटपट्टी मारली. भाऊ हसला. मी म्हटलं, हस तू.

हायवेला लागलो तरी मशीन गुरगुरत होतं. जोगेश्वरीला गाड्या अशा तुंबल्या की हलायचं नाव नाही, तरीही गुरगुरत होतं. दर थोड्या वेळाने आई विचारायची, "मशीन चालू हा मां?" चालू होतं. बाबा पडल्यापडल्या खिडकीतून बाहेर बघत होते आणि दुकानांच्या पाट्या वाचत होते. इतक्या दिवसांनी त्यांना मोठ्याने काही वाचताना ऐकलं. मला बरं वाटलं, पण पाठ सैल झाली नाही.

वर्सोव्याला कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी लावली. मशीन बंद करून बाबांना छोट्या सिलिंडरवर घेतलं, चाकाची खुर्ची काढली आणि खाडीच्या कडेला नेऊन बसवलं. होड्या लागलेल्या होत्या, बांबूंवर बोंबील वाळत होते, पलीकडे मढची फेरीबोट निघत होती. बाबा नुसते वास घेत बसले. थोडाच वेळ बसायचं असं ठरलेलं, पण ते उठेनात आणि आम्हाला उठवेना. सिलिंडरचा काटा खाली यायला लागला तेव्हा मीच घाई केली.

आम्ही गाडीत चढतोय तोवर मागे मासळीचा टेम्पो येऊन उभा राहिला आणि भोंगा वाजवायला लागला. ड्रायव्हरने गाडी गल्लीत घातली. मी बाबांना बेडवर टेकवलं, नळी मशीनला लावली आणि मशीनचा खटका दाबला.

मशीन किंचाळलं.

पुन्हा दाबला. पुन्हा तेच. पिन काढून परत खोचली, दुसऱ्या सॉकेटला लावून बघितलं, चिकटपट्टी ओरबाडून बटण खालीवर केलं. काही नाही. भाऊ ओरडला, "अरे यार, वाट लागली!" ड्रायव्हर नवा होता. तो पुढूनच म्हणाला, "फ्यूज उडाला असेल." गल्लीत थांबायला जागा नव्हती. दोन्हीकडून टोपल्या, मागून टेम्पो. भाऊ गाडीवाल्याला फोन लावत होता आणि फोन लागत नव्हता. नळी मी परत सिलिंडरला लावली होती, पण त्याचा काटा लाल पट्टीत शिरला होता. त्यानंतर बाबांना फार वेळ निघत नाही, आधी ओठ काळवंडतात. आई देवाचं नाव घेत होती आणि मधूनच, इतक्या गोंधळातही, "मशीन चालू हा मां?" विचारत होती.

आणि बाबा हात वर करून दाराकडे दाखवत होते. त्यांना बोलवत नव्हतं. मला वाटलं, घुसमटतंय म्हणून उतरायचं म्हणताहेत. मी त्यांचा हात धरून खाली दाबला आणि ओरडले, "बाबा, गप पडून राहा ना जरा!" त्यांनी हात पुन्हा वर केला. मी पुन्हा खाली दाबला.

तेवढ्यात फोन लागला. गाडीवाल्याचा आवाज आला, "दारापाशी लाल दिव्याचं बटण आहे बघा. इन्व्हर्टरचं. ते चालू आहे ना?"

दाराच्या चौकटीजवळ, हात सहज जाईल अशा उंचीवर, बटण होतं. बंद. भावाने ते दाबलं. लाल ठिपका लागला आणि मशीन गुरगुरायला लागलं.

 लिंक रोडला लागेपर्यंत बाबांचा श्वास जाग्यावर आला होता. मग ते हळू आवाजात म्हणाले, "मियाच बंद केलंय. उतरताना. फुकट जळत होता."

भाऊ जोरात हसला. त्याला हसू येणारच होतं, कारण त्याच्या हिशेबी सगळं सुटलं होतं. "म्हणजे गाडीत काही बिघाड नाही! बाबा, गाडी पास. मी आत्ताच फोन करून गणपतीसाठी पक्की करतो. त्या बटणालाही टेप मारू, हाय काय नि नाय काय."

"नको," बाबा म्हणाले.

"नको काय? इतकं सगळं केलं ते कशासाठी?"

"हात आयकणा नाय माझो." आपलाच हात त्यांनी उलटासुलटा करून बघितला. "टेप मारलास तर टेप काढतलो. खय उतरलंव की परत बंद करतलो. आणि हिका धावूक लागतला." हिका म्हणजे मला.  भावाने फोन खिशात ठेवला.

म्हणजे संपलं होतं. मला नको होता तो प्रवास त्यांनीच रद्द केला होता. मी फक्त बरं म्हणायचं, घरी जाऊन भात लावायचा. पण मघाशी दोनदा खाली दाबलेला तो हात माझ्यासमोर बेडवर पडला होता, आणि तेच मनातून जात नव्हतं. ते खरं सांगत होते आणि मी ऐकलं नव्हतं.

मी उठले आणि दारापाशी जाऊन पायरीवर बसले. बटण माझ्या पाठीशी आलं.

"मी इथे बसेन," मी म्हटलं. "गावापर्यंत. तुम्ही उतराल तेव्हा आधी मला उठवावं लागेल."

"दमलंस गो तू."

"दमलेय ना. दमलेलीच येईन."

 मशीनच्या आवाजात बाबांचं बोलणं मला जेमतेम ऐकू आलं.

"मगे निजतलंस कधी?"

तीन वर्षांत सगळ्यांनी मला मशीनचं विचारलं. बाबा कसे आहेत, औषधं दिली का, नळी बदलली का, काटा कुठे आहे. मी कधी झोपते, हे कुणी विचारलं नव्हतं.  मी भावाला म्हटलं, "लाव फोन, पक्की कर," आणि तोंड काचेकडे वळवून, दारापासून न हलता, बोरिवली येईपर्यंत रडून घेतलं.