उजवी पाकळी

सामना चालू असताना आमचे मास्तर चेंडूकडे बघत नसत. पायजम्याला सुताचे धागे चिकटलेले, हात पाठीमागे बांधलेले, असे ते मैदानाच्या कडेला उभे राहायचे आणि ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्यावर नजर ठेवायचे. गोल झाला की सगळी गल्ली ओरडायची. मास्तर शेजारच्याला विचारायचे, "कुणी घातला रं?"

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. दिवसा वडगावात यंत्रमागावर साड्या विणायच्या आणि संध्याकाळी गल्लीच्या फुटबॉल क्लबला शिकवायचं, हा त्यांचा जन्माचा क्रम. मैदानावरही भाषा मागाचीच. "धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारायची. माग विकाय निघायचं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं ते ऐकायची. आम्ही कमिटीवाल्यांनी ऐकलं नाही. त्या कमिटीचा मी सेक्रेटरी होतो.

एका हंगामात क्लब ओळीनं सहा सामने हरला. सहावा उचगावकडून, आणि त्यांचा गोलकीपर तर शेतातून सरळ आलेला, पायांचा चिखलही वाळला नव्हता. मग कमिटी जागी झाली. आम्ही अकरा सभासद. अकरातल्या एकानंही चेंडूला कधी पाय लावलेला नव्हता, त्यामुळे मतं ठाम होती.

"मास्तर जुने झाले," अध्यक्ष म्हणाले. ते मास्तरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठे.

"टीव्हीवर बघा की अण्णा, चार सामने हरला की कोचला हाकलत्यात," एक सभासद त्यांना म्हणाला.

"आणि ठेवला तर?"

"ठेवला तर कमिटीनं काय केलं, असं लोक इचारतील न्हवं?"

गाव सीमाभागातलं, त्यामुळे एक बैठक ठराव मराठीत लिहायचा की कन्नडमध्ये, यातच गेली. दुसरीत 'ठेवा' म्हणणारे पाच, 'काढा' म्हणणारे पाच आणि अध्यक्ष तटस्थ. तटस्थ राहिल्याबद्दल त्यांचं अभिनंदनही झालं. 'ठेवा'साठी माझा हात वर होता. सगळ्यांना दिसेल असा.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "देवीला इचारू."

लग्न जमत नसेल, विहिरीची जागा ठरत नसेल, तर आमची गल्ली देवीला कौल लावते. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यानं फुलाची एकेक पाकळी चिकटवायची आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी पडली तर मास्तर राहणार, डावी पडली तर जाणार. पुजारी पाहुण्यांकडे कणकुंबीला गेलेला, म्हणून पाकळ्या लावायचं काम सेक्रेटरीकडे आलं.

आता जे लिहितो ते बरीच वर्षं मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. माझा मुलगा विजू त्या टीमचा सेंटर फॉरवर्ड होता. वय एकतीस, पोट पंचेचाळिशीचं. मास्तरांनी त्याला मागे खेळायला सांगितलं होतं. मला म्हणाले, "पोरगं वाईट न्हाय, सेक्रेटरी. पण चेंडू आल्यावर पळतंय. पुढं खेळणाऱ्यानं आधी पळायचं असतंय." एकतीस वर्षांचा विजू त्यावर दोन दिवस जेवला नाही.

मागावर चढवण्याआधी सुताला आम्ही खळ लावतो, धागा ताठ राहावा म्हणून. ती मी बोटावर घेऊन गेलो होतो. डावी पाकळी पाण्यानं चिकटवली, उजवी खळीनं. आरती संपायच्या आत डावी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, आणि घरी येऊन वहीत लिहिलं, 'देवीच्या आज्ञेनुसार मास्तर निवृत्त.'

मास्तरांनी शिट्टी धुतली, तिची दोरी नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "देवीनं सांगितल्यावर मी काय बोलणार?" एवढंच म्हणाले. नवा कोच बाहेरगावाहून आला. त्याच्याकडे बाण काढायची पाटी होती. बाण सगळे बरोबर जायचे, खेळाडू जात नसत. उरलेला हंगाम आम्ही शास्त्रशुद्ध हरलो. मास्तर रोज यायचे, पण कंपाउंडच्या बाहेर उभे राहून बघायचे. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

गेल्या थंडीत मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा मी गेलो आणि खळीचं सगळं सांगून टाकलं. ते हसले.

"ठाऊक हाय मला. मी रोज सकाळी देवळात जायचो. तिसऱ्या दिवशी बी उजवी पाकळी हललेली न्हाय. नखानं काढली तर कडक. देवीचं काम एवढं पक्कं नसतंय रं. ती आपली खळ."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"विजू त्याच टीममधी खेळत होता न्हवं? त्याच्या बापानं देवीला खळ लावली म्हटल्यावर त्याला पास कोण दिला असता?"

आणि त्यांनीच पुढं विचारलं, "मग घातला काय गोल त्यानं?"

"एक. आपल्याच जाळीत."

मास्तर इतके हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. पुढच्या आठवड्यात ते गेले.

आता क्लब त्यांच्या नावाची पाटी मैदानावर लावतो आहे. तिच्यावर माझ्याच वहीतलं वाक्य घालायचं ठरलंय. ते खोडा म्हणून मी अध्यक्षांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. आता देवीला खोटं कशाला पाडायचं?"

देवी खोटी नव्हती. तिला मी बोलूच दिलं नाही.