सोमवारचा प्लग

मार्लिस व्होल्ट्झ एकतीस वर्षे आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक करत होती. बरोबर साडेअकराला तीनशे मुलांचे जेवण खिडकीत मांडायचे आणि शनिवारी धान्यगिरणीमागच्या मातीच्या ट्रॅकवर रिमोटचा ट्रक पळवायचा, असा तिचा आठवडा. निवृत्तीनंतर स्वयंपाक सुटला, ट्रक राहिला.

ट्रक हातभर लांबीचा, पण बॅटरीवर पळणारा नव्हे. त्यात मुठीत मावेल एवढे खरे इंजिन असते. ते मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन, म्हणजे बोलीत नायट्रो, यांच्या मिश्रणावर चालते आणि त्याच्या डोक्यावर ग्लो प्लग बसतो. प्लगच्या तळाशी केसासारख्या तारेचे वेटोळे असते. सुरू करताना वरून बॅटरी लावून ते तापवायचे. इंजिनाने धरले की बॅटरी काढायची. मग जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेवरच तार लाल राहते. प्लग योग्य निवडला असेल तर.

ती निवड मार्लिसकडून शिकावी. औषधाच्या गोळ्यांची सात वारांची डबी असते, तीत ती प्लग ठेवते. सोमवारच्या खणात सर्वांत गरम, म्हणजे तारेत उष्णता जास्त धरून ठेवणारा; रविवारच्या खणात सर्वांत थंड, म्हणजे ती लवकर सोडणारा. हवा गार, नायट्रो कमी, इंजिन लहान, तर सोमवारकडचा. ऊन कडक, नायट्रो जास्त, इंजिन मोठे, तर रविवारकडचा. काढलेला प्लग ती भिंगाखाली धरते. तार राखाडी आणि वाकडी दिसली, म्हणजे इंजिनाला इंधन कमी पडले, की म्हणते, "उपाशी ठेवलंत बिचाऱ्याला."

गॉर्डी टेशला ही डबी म्हणजे चेष्टेचा विषय. त्याचे मांसाचे दुकान आहे आणि आवाज दुकानाबाहेरही ऐकू जातो.

"मार्लिस, रक्तदाबाची गोळी तू घेतलीस की ट्रकला दिलीस?"

"ट्रकचा रक्तदाब उत्तम आहे. तुझा तपासून घे."

ऑक्टोबरातल्या शेवटच्या शर्यतीला पारा चार अंशांवर होता. बॅटरीवाले चाळीस आले होते, नायट्रोवाले मोजून सहा. सुरुवातीच्या रेषेवर सहा ट्रक चालू स्थितीत उभे राहिले नाहीत तर नायट्रोचा गट पुढच्या वर्षीपासून बंद, असे आमच्या शर्यतींच्या क्लबने उन्हाळ्यातच ठरवले होते. नोंदणीच्या टेबलावर मी बसतो, त्यामुळे यादी माझ्यासमोरच होती. शर्यतीला दहा मिनिटे राहिली आणि गॉर्डीचा ट्रक काही चालू राहीना. दोरी ओढली की इंजिन धरायचे, बॅटरी काढली की विझायचे. दर वेळी तो इंधनाचा स्क्रू थोडा आवळायचा. तिसऱ्या वेळी मार्लिस त्याच्याजवळ गेली.

"गॉर्डी, स्क्रूवरचा हात काढ."

"अगं, इंधन जास्त होतंय त्याला."

"असंच कमी करत राहिलास तर पिस्टन भाजून निघेल. प्लग कुठला आहे आत?"

"जुलैत जिंकलो तोच. एकदम थंड. नशीबवान प्लग आहे तो माझा."

"जुलैत तू हाफ पँटमध्ये होतास. आज कानटोपी चढवून आलायस. मग इंजिनानंच काय घोडं मारलंय?"

आजूबाजूचे हसले. गॉर्डी नाही हसला.

"दुसरा नाहीये माझ्याकडे," तो हळूच म्हणाला.

मार्लिसने डबी उघडली. सोमवारच्या खणात एकच प्लग होता. त्याचा जोडीदार तिच्या ट्रकमध्ये बसलेला. अर्ध्या तासाच्या शर्यतीत तार कधीही तुटते, म्हणून तसाच दुसरा हाताशी असल्याशिवाय ती कधी ट्रॅकवर उतरलेली मी पाहिलेली नाही.

"हा तुझा शेवटचा ना?" गॉर्डी म्हणाला. "तुलाच लागला तर?"

"लागला तर मंगळवारचा घालीन. पण सहा ट्रक नाही झाले, तर पुढच्या वर्षी घालायला ट्रकच नाही. आधी जुन्या प्लगखालची ती तांब्याची चकती काढ. दोन चकत्या राहिल्या तर दाब जाईल. आणि स्क्रू होता तिथे आण. किती फिरवलास?"

"दीड फेरा. नाही, पावणेदोन असेल."

"सॉसेजमध्ये मीठही असंच घालतोस का रे?"

नवा प्लग बसला. गॉर्डीने दोरी ओढली, बॅटरी काढली. इंजिन चालूच राहिले. मी यादीवर सहावी खूण केली आणि झेंडा पडला.

अठराव्या मिनिटाला लांबच्या वळणावर मार्लिसचा ट्रक गप्प झाला. ट्रॅकवरच्या मुलाने तो उचलून आणेपर्यंत ती चालकांच्या माचावरून खाली आली होती. प्लग काढून पाहिला तर तार तुटलेली. तिने मंगळवारचा घातला. इंजिन चालले, पण वेग कमी केला की आचके देऊ लागले. तिने माझ्या सॉसेज-पावावरचा ॲल्युमिनियमचा कागद न विचारता ओढून घेतला आणि इंजिनाच्या डोक्यावर अर्ध्यापर्यंत गुंडाळला, उष्णता आत राहावी म्हणून. मग ट्रक नीट निघाला. चार फेऱ्या मात्र गेल्या.

गॉर्डी दुसरा आला, मार्लिस पाचवी. क्लबच्या सचिवाने माझी यादी पाहिली आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात नायट्रोचा गट कायम ठेवला.

मार्लिस गाडीच्या मागच्या फळीवर बसून पेल्यातली कॉफी पीत होती. गॉर्डी येऊन उभा राहिला.

"माझ्यामुळे तू पाचवी आलीस."

"पाचवी म्हणजे माझ्या मागंही एक होता. मला चालतं. पण दर वर्षी असं एकाच ट्रकवर लटकायला नको. सातवा शोध."

"मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये एक पडलाय. इंजिन जाम झालंय पण."

"किती वर्षं?"

"नऊ असतील."

"उद्या जेवण झाल्यावर घेऊन ये," मार्लिस म्हणाली. "आणि मेव्हण्यालाही आण. नुसता ट्रक आणून उपयोग नाही."