पाठमोरी आयव्ही स्लोकम

पडद्यावर नायिका धाडकन हौदात पडते तेव्हा पोट धरून हसता ना? मग पडलं कोण, हे कधी विचारलंत?

आयव्ही स्लोकम पडायची. हॉलिवूडच्या मागच्या गल्लीत, एका फाटक्या स्टुडिओत. दुसरं महायुद्ध पेटलेलं, नवरा पॅसिफिक महासागरात नौदलाच्या बोटीवर, आणि स्टुडिओ काढत होता फौजी छावणीतल्या गमतीजमतींचे आखूड सिनेमे. तोच सार्जंट, तीच नायिका, तोच हौद. नायिकेचा चेहरा जपायचा, म्हणून पडताना दिसायची ती पाठ आयव्हीची. तिचं मागणं एकच होतं: नामावलीत आपलं नाव यावं. निर्माते पेटिंगिल दर वेळी म्हणायचे, "पुढच्या सिनेमात नक्की!"

तिसऱ्या सिनेमाला तर बोलावणंच आलं नाही. ती तडक त्यांच्या खोलीत घुसली.

"साहेब, या वेळी कोण पडतंय?"

"तूच की! पहिल्या सिनेमातलं तुझं पडणं पुन्हा चिकटवलंय."

"मला न विचारता?"

"अगं, तुझंच अंग शेकायचं वाचवलं! पाठ ती पाठ, कोण ओळखतंय?"

तेवढ्यात फिल्म कापून जोडणारी बर्निस कपाळाला हात लावून आली. "साहेब, घोळ झाला. पहिल्या सिनेमात नायिका कॅप्टनची बायको होती. आता कुमारी आहे. पडताना बोटात लग्नाची अंगठी लखलखतेय, आणि बाहेर आल्या आल्या सार्जंट तिला मागणी घालतोय!"

पेटिंगिल पांढरे पडले. "आयव्ही, अंगठी काढ आणि पड."

"नवरा बोटीवर चढताना माझ्या बोटात घालून गेलाय. मेले तरी काढणार नाही. हातमोजे द्या. आणि नाव?"

"लावतो गं बाई, लावतो! आधी पड!"

पडली बिचारी. गार पाण्यात, पांढरे हातमोजे घालून. हौदाकडे धावताना नायिकेचे हात उघडे आणि पडताना मोज्यांत, हे बर्निस ओरडून सांगत राहिली. ऐकतो कोण? घाई होती ना!

सिनेमा लागला. आयव्ही शेजारणींना घेऊन पहिल्या रांगेत बसली. नावं सरकू लागली. पेटिंगिलच्या मेव्हण्याचं आलं. छावणीतल्या खेचराचंसुद्धा आलं, तेही ठळक! आयव्हीचं नाहीच.

"कुठंय गं तुझं नाव?" शेजारीण कुजबुजली.

"खेचराच्या खाली," आयव्ही दात आवळून म्हणाली.

माणसाला राग येणार नाही तर काय होईल?

म्हणून तुम्हालाच सांगतो. कुठल्या जुन्या थेटरात हा सिनेमा लागला आणि उघड्या हातांची नायिका अचानक पांढऱ्या मोज्यांत हौदात कोसळली, तर खुशाल हसा. पण हसून झालं की शेजारच्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं एकदा म्हणा: आयव्ही स्लोकम.