जाड टायरच्या सायकलीचा सौदा

आंबीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. आलेला माल चलनाशी ताडून पाहायचा आणि कमी भरला किंवा वाकडा निघाला तर आल्या ट्रकमधूनच परत लावायचा, हे माझं गेल्या एकोणीस वर्षांचं काम. ट्रकवाले मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरंच वाटतं. त्यामुळे एखादा माणूस फोनवरून मला फसवू पाहील, ही शक्यता माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

सायकलीचं खूळ शिरलं ते आमच्या वराळ्याच्या गॅलरीत. रविवारी सकाळी रंगीबेरंगी टोप्या घातलेली माणसं खालच्या रस्त्याने डोंगराकडे जायची. त्यांच्या सायकलींची चाकं म्हशीच्या मानेएवढी जाड. वराळे ते आंबी रस्त्यावर कंटेनरांनी पाडलेले खड्डे मी रोज स्कूटरवरून मोजत होते, आणि ही माणसं त्याच खड्ड्यांतून हसत हसत जात होती. एका रविवारी मी चहा ढवळता ढवळता नवऱ्याला म्हणाले, "मला तशी सायकल पाहिजे."

"तू शेवटची सायकल कधी चालवलीस?"

"दहावीत."

त्याने पेपर उघडून तोंडासमोर धरला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं शिकून घेतलं आहे.

दुकानातल्या किमती ऐकून मी जुन्या वस्तूंच्या ॲपवर गेले. तिसऱ्याच दिवशी मला हवी ती सापडली. निळी, जाड टायरची, पुढे शॉक-अब्सॉर्बर, जेमतेम दोन महिने वापरलेली, आणि किंमत दुकानातल्या किमतीच्या एक चतुर्थांश. जागा लोणावळा. विकणारा म्हणाला, मी फौजेत आहे, अचानक बदली झाली, सायकल नेता येत नाही. मला त्याची दयाच आली. देशासाठी झटणाऱ्या माणसाची सायकल आपण एवढ्या स्वस्तात घेतोय, म्हणून थोडी लाजही वाटली.

त्या आठवड्यात परंदवडीची माझी मावशी आमच्याकडे होती. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि "आराम कर" असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे ती दिवसभर सोफ्यावर बसून जगातली प्रत्येक गोष्ट त्या नव्या डोळ्याने तपासत होती. भिंतीवरचा ओघळ, माझ्या केसांतली पांढरी बट, शेजारणीच्या वाळवणातला खडा, काहीही सुटत नव्हतं. मावशीचा जन्म शेतीत गेला. नवरा लवकर वारल्यामुळे बैल, म्हशी, शेळ्या तिने स्वतः बाजारात उभं राहून घेतल्या आणि विकल्या.

फौजी म्हणाला, सायकल गाडीत चढवली आहे, फक्त गेटपासचे पैसे भरा, ते नंतर परत मिळतात. त्याने एक कोड पाठवला. मी स्कॅन केला. आता फक्त पिन टाकायचा बाकी होता, तेवढ्यात मावशी म्हणाली, "बघू गं, कशी हाय सायकल."

मी तिला फोटो दाखवला. तिने फोन लांब धरला, जवळ धरला, मग डावा डोळा मिटला.

"ही लोनावळ्याची हाय?"

"हो."

"लोनावळ्याला समुद्र कवा आला?"

मी फोन ओढून घेतला. सायकलीच्या मागे भिंत होती, भिंतीच्या मागे दोन नारळ होते, आणि नारळांच्या मधोमध, एकदा दिसल्यावर पुन्हा न दिसणं अशक्य अशी, एक अख्खी होडी होती. एकोणीस वर्षं माल तपासणाऱ्या बाईला होडी दिसली नव्हती.

"लाव त्याला फोन," मावशी म्हणाली. "आन् तो मोठ्यानं बोलायचा कर."

मी स्पीकर चालू केला. मावशीने घसा साफ केला.

"बाबा, सायकल तुझ्यापाशीच हाय न्हवं?"

"हां माताजी, मेरे सामने खडी है."

गाडीत चढवलेली सायकल परत उतरून त्याच्यासमोर उभी होती, पण मावशीने तिकडे काणाडोळा केला. ती म्हणाली, "तिला घंटी हाय का?"

"हां हां, है ना."

"मंग वाजवून दाखव की. मी म्हातारी, मला दिसत न्हाई, ऐकून तरी घेते."

पलीकडे थोडा वेळ खुडबुड झाली. मग फोनमधून ट्रिंग ट्रिंग असा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ सनई सुरू झाली.

"बाबा," मावशी शांतपणे म्हणाली, "ही घंटी न्हाई. कुनाचातरी फोन वाजतोय. उचल आधी, तुजी आई आसंल."

त्याने फोन ठेवला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून इतका हसला की त्याच्या हातातला कुकर हलायला लागला. मी मात्र पिनचे चार रिकामे चौकोन बघत बसले होते. फसले नव्हते, पण किती सहज फसणार होते ते कळलं होतं.

"जनावर बघितल्याबिगर इसार द्यायचा न्हाई," मावशी म्हणाली. "आन् बघायचं ते त्येच्या गोठ्यात. मालकाच्या शेजाऱ्याला इचारायचं. लय स्वस्त दिलं तर त्येचं खूर बघायचं."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी एक कोरा कागद घेतला आणि मावशीचं म्हणणं स्टोअर्सच्या भाषेत लिहून काढलं. आधी पैसे नाहीत. मूळ बिल पाहिजे. चौकटीवर कोरलेला नंबर बिलाशी जुळला पाहिजे. माल समोर पाहिजे. मग मी पुढचे पंधरा दिवस त्या कागदावर एकेक जाहिरात पारखली. एकच लाल सायकल मला चार शहरांत, चार वेगवेगळ्या मालकांकडे, त्याच फरशीवर उभी दिसली. एकाकडे बिल मागितलं तर त्याने मिक्सरचं बिल पाठवलं.

शेवटी एक जाहिरात अशी आली की इतका आळशी लबाड जगात नसणार, म्हणजे ती खरीच असावी, असं मला वाटलं. फोटोत सायकल अर्धीच होती. उरलेल्या जागेत सिमेंटची टाकी आणि दोरीवर वाळत घातलेलं बनियन. खाली एवढंच लिहिलं होतं: "सायकल चांगली आहे. उगाच फोन करू नये. लोणावळा."

मी उगाच फोन केला.

"कोण?" पलीकडून एका वयस्क माणसाचा आवाज आला.

"सायकलीसाठी बोलतेय. बघायला मिळेल का?"

"कोड पाठवते म्हणणार असाल तर आत्ताच फोन ठेवा. आतापर्यंत तिघांनी पाठवले. म्हणे, पैसे मिळवायला पिन टाका. मी रेल्वेत छत्तीस वर्षं काढलीत, मला काय समजता?"

मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. तरी कागद समोर होता. मी म्हणाले, "तुमच्यावर तरी मी कसा विश्वास ठेवू? सायकलीपाशी आजचा पेपर धरून फोटो पाठवा."

"पाठवतो. पण तुम्हीपण पाठवा. तुम्ही खऱ्या आहात हे मला कशावरून कळणार?"

त्या संध्याकाळी माझ्या फोनवर त्यांचा फोटो आला: टाकीला टेकलेली करड्या रंगाची सायकल आणि तिच्या सीटवर त्या दिवसाचा पेपर. मीही पेपर छातीशी धरून फ्रिजसमोर उभी राहिले आणि नवऱ्याने फोटो काढला. दोन्ही फोटो ओलीस ठेवलेल्यांचे असतात तसे आले होते.

रविवारी सकाळी दहाला, लोणावळ्यात, पोलीस चौकीसमोर भेटायचं ठरलं. ती जागा मी सुचवली आणि त्यांनी त्याच क्षणी तीच सुचवली. आम्ही नवऱ्याच्या गाडीतून साडेनऊलाच पोहोचलो. मावशी "जनावर बघायला" सोबत होती. धुकं इतकं की समोरचं माणूस सावलीसारखं दिसत होतं, आणि त्या धुक्यातून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत खिंडीकडे सरकत होत्या. मी म्हणाले, आधी लपून बघू, माणूस कसा आहे ते. आम्ही कणसाच्या गाडीमागे उभे राहिलो.

दहाला मी फोन लावला. "आलात का?"

"आम्ही जवळच आहोत," ते म्हणाले. "तुम्ही चौकीसमोर या, मग आम्ही येतो."

"आधी तुम्ही या."

"नाही, आधी तुम्ही."

असं तीनदा झालं. त्यांच्या फोनमधून मला पोहेवाल्याची आरोळी ऐकू येत होती, आणि तीच आरोळी माझ्या उजव्या कानालाही येत होती. तेवढ्यात लक्षात आलं की मावशी आमच्यात नाही. ती चौकीच्या बाकावर, निळं स्वेटर घातलेल्या एका बाईशेजारी बसून कणीस खात होती. दोघी हसत होत्या.

"अगं ये हिकडं!" मावशीने हात केला. "ही त्या सायकलवाल्याची मालकीन. त्यो पोह्याच्या गाडीमागं लपलाय म्हन!"

पोह्याच्या गाडीमागून एक उंच, सडपातळ गृहस्थ सायकल हाताने ढकलत आले. कानाला फोन तसाच होता.

मी कागद काढला. उकिडवी बसून, मोबाईलच्या उजेडात पायडलजवळ चौकटीच्या खाली कोरलेला नंबर वाचला आणि बिलाशी ताडला. जुळला. त्यांनी माझं कारखान्याचं ओळखपत्र मागितलं आणि ते मी पाठवलेल्या फोटोशी ताडलं. मावशीने सायकलीच्या दोन्ही टायरांना अंगठ्याने दाबलं, सीटवर थाप मारली आणि म्हणाली, "गुनाची वाटतीया. इकताय कशापायी?"

गृहस्थ रुमालाने हँडल पुसायला लागले. त्यांच्या पत्नीने त्यांच्या गळ्याखालच्या हाडाकडे बोट दाखवलं. "हाड मोडलं इथं. उतारावर हात सोडून चालवत होते. अडुसष्टाव्या वर्षी. मी सांगितलं, घरात एक तर मी राहीन नाहीतर ती."

"हात सोडून नव्हतो," गृहस्थ म्हणाले. "एकच सोडला होता. टोपी धरायला."

मी चालवून बघते म्हणाले, तशी त्यांची नजर बदलली. "परत याल कशावरून?"

"मावशी इथेच आहे."

"मावशी तुमचीच कशावरून? नवऱ्याला ठेवा."

"ठेवा, ठेवा," मावशी म्हणाली. "दोगंबी ठेवा."

मी सायकलीवर बसले. पहिली वीस पावलं सायकल मला घेऊन जिकडे मनात येईल तिकडे गेली. मग काहीतरी जुळलं. गुडघ्यांना आठवलं. रस्ता उताराला लागला, धुकं तोंडावर यायला लागलं, आणि माझ्या तोंडातून चक्क ओरडण्याचा आवाज आला. एका गाडीतल्या पर्यटकांनी माझा व्हिडिओ काढला. मी दिसेल ते बटण दाबत गिअर बदलत गेले. ती चूक झाली. उतार संपून चढ लागला तेव्हा खट्ट झालं, चेन उतरली आणि मी रस्त्याच्या कडेला, काळे हात घेऊन, ती दातेरी चाकावर परत चढवत बसले. फोन नवऱ्याकडे राहिला होता.

मी सायकल ढकलत परतले तेव्हा अर्धा-पाऊण तास गेला असेल. चौकीसमोर गर्दी जमली होती. माझा नवरा मध्ये उभा होता, हातात आधार कार्ड, लायसन्स आणि आमच्या लग्नाचा मोबाईलमधला एक फोटो. एक हवालदार तो फोटो मोठा करून बघत होते.

"ही तीच बाई आहे का, हा प्रश्न आहे," गृहस्थ म्हणत होते. "पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो आहे. कशावरून कळणार?"

"नाक तेच आहे," नवरा घामाघूम होऊन म्हणाला.

मला बघताच त्याने जो श्वास सोडला तो मी आमच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. हवालदार माझ्याकडे, मग फोटोकडे बघून म्हणाले, "नाक तेच आहे," आणि आत गेले. निळ्या स्वेटरच्या बाई हसून हसून मावशीच्या खांद्यावर टेकल्या होत्या. गृहस्थ मात्र हसत नव्हते. ते माझ्या काळ्या हातांकडे बघत होते.

"चेन उतरली?"

"हो."

"तुम्ही स्वतः चढवलीत?"

"हो."

"मग घेऊन जा," ते म्हणाले. मी पैसे मोजून दिले. बिलाच्या मागे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं की ही सायकल त्यांनी राजीखुशीने विकली आहे, आणि सही करताना "राजीखुशीने" वर पेन थोडा वेळ थांबला. सायकल गाडीत बसावी म्हणून पुढचं चाक काढायला त्यांनीच शिकवलं. ते चाक मांडीवर धरून मावशी वराळ्यापर्यंत आली, उतरेपर्यंत तिने ते कुणाकडे दिलं नाही.

पहिले काही रविवार मी फक्त सपाटीवर चालवली. मग एकदा धीर करून डोंगरातल्या वाडीच्या चढाला लागले. तिसऱ्या वळणावर उतरून ढकलायला लागले. मागून एक ठाकर आजी आली, डोक्यावर सरपणाची मोळी, पायात काही नाही. ती माझ्या बरोबरीने चालायला लागली आणि सायकलीकडे निरखून बघत म्हणाली, "बंद पडली व्हय?"

"नाही आजी, मीच बंद पडले."

"आसं," ती म्हणाली. "मंग बस जरा. मी हाय हितं." आणि मोळी न उतरवता, झाडाला टेकून, माझा श्वास परत येईपर्यंत ती उभी राहिली.