नापासांसाठी अकरा हजार

दहावी नापास होण्याचं भांडवल करून त्यावर तीन मजली घर बांधलेला माणूस अख्ख्या जबलपुरात एकच आहे, आणि ते माझ्या बायकोचे मावसभाऊ आहेत. गेल्या गुढीपाडव्याला आमच्या मराठी मंडळाच्या सभेत त्यांनी अकरा हजारांचं पारितोषिक जाहीर केलं. तेव्हा अध्यक्ष आणि चिटणीस, शिवाय खजिनदार म्हणून मी, आणि श्रीखंडासाठी थांबलेले तीसेक सभासद हजर होते. मंडळ दर जूनमध्ये गुणवंत विद्यार्थ्यांना स्टीलचा डबा आणि गुलाबाचं फूल देतं. मेहुण्यांचं पारितोषिक मात्र दहावी-बारावीत नापास होणाऱ्यांसाठी होतं. जितके नापास होतील तितक्यांना, प्रत्येकी अकरा हजार. "पास होणाऱ्यांना तर सगळेच देतात हो. नापासांनी काय घोडं मारलं?" असं म्हणून ते खाली बसले. अध्यक्ष इथल्या सरकारी शस्त्रास्त्र फॅक्टरीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. ते चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी नापास झालेलं नाही." पण सभागृहाचे दोन्ही कूलर मेहुण्यांनीच दिलेले होते, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला.

मेहुण्यांचा गोहलपुरात सलवार सूट शिवण्याचा कारखाना आहे आणि शहरात दोन दुकानं. मोठ्या दुकानात, जिथे इतरांकडे लक्ष्मीची तसबीर असते तिथे, त्यांच्याकडे दहावीची गुणपत्रिका चौकटीत लावलेली आहे. तिला रोज झेंडूचा हार आणि उदबत्ती. गिऱ्हाईक सुटाच्या किमतीवर अडलं, की मेहुणे त्या चौकटीकडे बोट दाखवून म्हणतात, "दीदी, मैट्रिक फेल आदमी हूँ, झूठ बोलना भी नहीं आता." हल्ली एका खाजगी कॉलेजात त्यांना व्यवसाय व्यवस्थापनाच्या पोरांपुढे भाषणाला बोलावतात. "इथे कशाला बसून राहिले? उद्या सकाळी उठा आणि दुकान उघडा," असा उपदेश ते फी भरून बसलेल्या पोरांना करतात. पोरं शिट्ट्या वाजवतात आणि प्राचार्य शाल घालतात. दर भाषणागणिक त्यांचे नापासाचे विषय वाढत गेले. सुरुवातीला दोन होते, नंतर चार झाले, आणि गेल्या वर्षी वर्तमानपत्रात "सगळ्या विषयांत" असं छापून आलं. मला आकडे तपासल्याशिवाय चैन पडत नाही. दसऱ्याला दुकानात गिऱ्हाईक नाही असं पाहून मी स्टुलावर चढलो आणि हार बाजूला केला. मेहुणे फक्त इंग्रजीत गेले होते, तेही चार मार्कांनी. गणितात एकाहत्तर होते. म्हणजे ज्या गणितावर तीन मजले उभे राहिले, ते त्यांना शाळेनेच शिकवलेलं होतं. तेवढ्यात मेहुणे आतून आले; मी तसं म्हणालो, तर ते गडबडीने हार सारखा करत म्हणाले, "भाऊजी, काहून उकरून राहिले? लोकांना एका विषयाने मजा येत नाही."

कारखान्यात ते पदवीधरांशिवाय कोणाला ठेवत नाहीत. आणि नाव कोणाचंच घेत नाहीत. "ए बी.कॉम., पंखा बंद कर." "एम.एस्सी. को बोलो, काज-बटन का माल आया है." एम.बी.ए. झालेल्या एका मुलाने येऊन कापडाची नासाडी निम्म्यावर आणली, त्याचं श्रेयही मेहुणे स्वतःच्या अशिक्षितपणाला देतात. "मी शिकलो असतो तर मीच एम.बी.ए. झालो असतो, मग याला ठेवलं असतं कोणी?"  मी एम.कॉम. आहे, एका सरकारी कार्यालयात हिशेब तपासतो, आणि माझा वर्षाचा पगार त्यांच्या दिवाळीच्या एका महिन्याच्या कमाईत मावतो. हे मान्य करून एक गोष्ट नोंदवतो. इंग्रजी कागदावर न वाचता सही केल्यामुळे, विकून टाकलेल्या भरतकाम मशीनच्या देखभालीचे पैसे ते तीन वर्षं भरत होते. मशीन नव्या मालकाकडे कटनीला आणि देखभालीचा खर्च जबलपुरात! मी हे दाखवल्यावर म्हणाले, "चलो, मशीनची तब्येत तर चांगली राहिली."

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि मेहुणे पेढे घेऊन आमच्याकडे आले. त्यांची एकुलती एक मुलगी तन्वी पास झाली होती. किती टक्के, असं मी विचारलं तर म्हणाले, "टक्केवारीचं काय लोणचं घालायचं?" मला ते त्यांच्या तत्त्वाला धरूनच वाटलं.

त्यानंतर आठवड्याने तन्वी एकटीच स्कूटीवरून आली.

"काका, खजिनदार तुम्हीच ना? पारितोषिकासाठी नाव द्यायचं आहे."

"कोणाचं?"

"माझं. अकाउंट्स में गई."

माझी बायको आतून बाहेर आली. "अगं, पण आम्ही पेढे खाल्ले तुझे!"

"ते बाबांचे होते, आत्या. आता पूर्ण मोहल्ल्यात वाटून झाले, म्हणून फेरपरीक्षेचा फॉर्म भरू नाही देऊन राहिले. म्हणतात, पास झालेली मुलगी सेंटरवर दिसली तर लोक काय म्हणतील? माझं वर्ष जाईल, काका." मग तिने मोबाइलवर मंडळाची सूचना उघडून माझ्यापुढे धरली. "अट एकच आहे ना, नापास असणं? मग मी बसते त्यात."

बसत होती. मी नाव घेतलं. तोवर आलेलं ते एकमेव नाव होतं. आमच्या समाजात मुलं नापास होत नाहीत. त्यांना ऐन परीक्षेत कावीळ होते, किंवा ती ड्रॉप घेतात.

दुसऱ्या दिवशी मेहुणे मला गाडीत घालून ग्वारीघाटला घेऊन गेले. काही मोठं बोलायचं असलं की त्यांना नर्मदा लागते. पायरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "नाव काटून टाका."

"नियमात बसतं."

"नियम मीच बनवला ना!"

"म्हणून तर तुम्हाला काटता येत नाही."

"मग तिला नागपूरला मावशीकडे पाठवून देतो. कार्यक्रम झाला की आणतो."

"आणि परीक्षा?"

 फुलांचे द्रोण विकणारी बाई दोनदा विचारून गेली. माझ्याने राहवलं नाही. मी म्हणालो, "तुम्ही जगभर सांगत फिरता की नापास होण्यात काही नाही. तुमच्याच घरात कोणी ऐकलं, तर त्यात पोरीचं काय चुकलं?"

"मी गेलो ना भाऊजी, तेव्हा आमचे बाबा फॅक्टरीच्या मागच्या गेटाने येऊ लागले. समोर कोणी विचारेल म्हणून. नंतर माझं दुकान झालं, घर झालं. पाहुणे आले की ते दादाला पुढे करून म्हणत, हा माझा इंजिनियर. आणि मी तिथेच उभा असलो तर म्हणत, हा धाकटा." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "मेले तोवर धाकटाच."

एवढ्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून विनोद नसलेलं पहिलंच बोलणं ऐकलं.  परतताना गाडीतून उतरता उतरता मी एवढंच म्हणालो, "फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे."

जूनमधल्या कार्यक्रमाला तन्वी पहिल्या रांगेत होती. डबे वाटून झाले. चिटणीसांनी तिचं नाव पुकारलं तेव्हा सभागृहात फक्त कूलरचा आवाज होता. मेहुणे उठले. नेहमी पाऊण तास बोलणारा माणूस माईकपाशी जाऊन म्हणाला, "ही माझी मुलगी. अकाउंट्समध्ये नापास आहे. पेढे मी खोटे वाटले. फॉर्म भरला आहे, ती परीक्षेला पुन्हा बसून राहिली आहे." आणि त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं. टाळी कोणी वाजवावी हे कोणालाच कळेना. शेवटी माझ्या बायकोने सुरुवात केली.

टाळ्या थांबता थांबता मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. "मी पण फेल आहे. दहावीत." ती अध्यक्षांची नात होती. तिने ड्रॉप घेतल्याचं आम्हा सर्वांना सांगण्यात आलं होतं. अध्यक्ष व्यासपीठावर चष्मा पुसत राहिले, पुष्कळ वेळ पुसत राहिले. दुसरं पाकीट तयार नव्हतं. मेहुण्यांनी कोणालाही न विचारता खिशातून नोटा काढल्या, खाली उतरले, आणि त्या मुलीच्या जागेपर्यंत चालत गेले.

मंडळाच्या हिशेबात नोंद अशी: तन्वीला अकरा हजार, अध्यक्षांच्या नातीला अकरा हजार. कार्यक्रम संपल्यावर दोघी मुली बाहेर फुलकीच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीच्या, ठेल्यावर उभ्या राहून तोंड भरभरून खात होत्या. मेहुणे आणि अध्यक्ष जरा अंतरावर, एकमेकांशी न बोलता, तिकडेच बघत उभे होते. मेहुण्यांनी सवयीने खिशात हात घातला. अध्यक्षांनी तो धरला आणि स्वतः पुढे झाले. फुलकीवाल्याला त्यांनी साठ रुपये दिले. ते कोणत्याच हिशेबात नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.