शून्य लिहिणारा अहवाल

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. बाबा चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला, युनियनचे कार्यकर्ते. छापून आलेल्या पत्रकांची बंडलं आमच्या खाटेखाली असत आणि पाळी सुटायच्या वेळी फाटकावर ती वाटायला बाबा मला सोबत नेत. मी वाचायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’पासून. त्यामुळे ‘गोपनीय’, ‘वरिष्ठांच्या परवानगीने’ असले शब्द ऐकले की माझं डोकं आजही तापतं. आणि गडचिरोलीला पहिली नोकरी लागली, तर माझ्याच वाट्याला किल्ली सांभाळायचं काम आलं.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. जंगलातल्या गावांमधल्या हिवतापावर काम करणारा एक प्रकल्प होता, तिथं मी कंत्राटावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते. गावोगावचे कर्मचारी ताप आलेल्या माणसाच्या बोटाचं रक्त काचेच्या पट्टीवर घेत, ती पट्टी प्रयोगशाळेत तपासली जाई आणि निकाल आमच्या सर्व्हरवर चढे. त्यावरून एक्सेलमध्ये आठवड्याचा अहवाल निघे. ज्या गावांत ताप जास्त, ती गावं यादीत वर, आणि फवारणीचा ट्रक आधी तिकडे. ट्रक एकच होता.

माझ्या आधी जो ऑपरेटर होता, त्यानं सोय म्हणून सगळ्यांच्या एक्सेल फायलींत सर्व्हरचा मुख्य पासवर्ड घालून ठेवला होता. मुख्य म्हणजे अ‍ॅडमिनचा. त्यानं बघता येतं, बदलता येतं आणि पुसताही येतं. त्या पावसाळ्यात कुणीतरी दुबार नोंदी काढायला गेलं आणि अख्ख्या तालुक्याच्या नोंदी गेल्या. नागपूरच्या इंजिनिअरनं येऊन जुन्या प्रतीवरून त्या परत आणल्या, पासवर्ड बदलला, नवा फक्त प्रकल्पाच्या साहेबांना आणि मला दिला आणि तो निघून गेला. सोमवारी सकाळपासून कुणाचाच अहवाल उघडेना. बटण दाबलं की पडद्यावर एकच चौकट येई, परवानगी नाकारली. फायलींत जुनाच पासवर्ड होता आणि नवा तिथं पुन्हा घालायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

मंगळवारी सकाळी बैठक होती. ट्रक कुठे जाणार ते तिथं ठरायचं.

साडेदहाच्या सुमारास आमचे एक पर्यवेक्षक माझ्या टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले. पोंभुर्ण्याकडचे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्याकडे तीन गावं होती, त्यातलं एक नाल्यापलीकडचं, आणि तिन्ही तापानं फणफणली होती.

“बाई, पासवर्ड दे न मले. मी का सर्व्हर घरी घेऊन जाऊन राह्यलो?”

“भाऊ, नाई देता येत.”

“काऊन?”

“त्याच्यानं सगळं पुसता येते.”

“मी काऊन पुसीन? मले पाहाचं हाये फक्त.” मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “बाप फाटकावर पत्रकं वाटे, सगळ्यांले सगळं समजलं पाह्यजे म्हने. अन् पोरगी चावी पदराले बांधून बसली.”

दोन-तीन टेबलांवरून हसण्याचा आवाज आला. बाबांचं मीच कधीतरी चहाच्या वेळी सांगितलं होतं, तेव्हापासून ते मला पत्रकवाली म्हणत. टोमणा लागला, कारण आतून मलाही तसंच वाटत होतं. उघडून टाकावं सगळं, असं मनात येत होतं. पण खाणीच्या फाटकावर आमच्या युनियनचा एक फळा होता. सभेची जागा, वेळ त्यावर असे. वाचायला तो सगळ्यांना मोकळा होता, खडू मात्र एकाच माणसाकडे असे. नाहीतर व्यवस्थापनाची माणसं येऊन वेळ बदलून जात आणि माणसं रिकाम्या मैदानात उभी राहत. भाऊंना हे सांगायला घेतलं, तर ते म्हणाले, “मायी गावं तापली हायेत, तू फळा सांगून राह्यली.”

साहेबांनी आत बोलावलं. “सगळ्यांना अ‍ॅडमिन करून टाक. उद्याची मीटिंग होऊ दे, मग बघू.”

“सर, बघण्यापुरती वेगळी परवानगी देता येते. मी करते.”

“किती वेळ लागेल?”

“माहीत नाही.”

“अहवाल निघाला नाही, तर तुझ्या कंत्राटाचा मला विचार करावा लागेल.”

इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “मॅडम, कशाला डोकं लावता, देऊन टाका ना.” मी फोन जरा आपटूनच ठेवला.

मग बसले. नवं खातं उघडलं, त्याला फक्त वाचायचा अधिकार ठेवला. ताप आणि निकालांच्या नोंदी वाचायची परवानगी दिली, अहवालाचं बटण दाबलं. चौकट आलीच. शोधलं, तर गावांची नावं सर्व्हरवर दुसऱ्याच कप्प्यात होती आणि तिथं या नव्या खात्याची ओळखच नव्हती. ती करून दिली. तेवढ्यात भारनियमन सुरू झालं, पंखा थांबला, यूपीएस टुक-टुक करू लागला. शिपायानं जनरेटरचं डिझेल आणायला सायकल काढली. भाऊ खुर्चीत एकदा इकडून, एकदा तिकडून वळत होते. बाहेर जाऊन पान लावून आले. परत विचारलं, “झालं का?”

वीज आल्यावर पुन्हा बटण दाबलं. पुन्हा चौकट. पण या वेळचा मजकूर मी दोनदा वाचला. वाचायची परवानगी नाही, असं तो म्हणत नव्हता. लिहायची परवानगी नाही, असं म्हणत होता.

अहवालाचं काम दाखवायचं. त्याला लिहायचं काय होतं?

मी एक्सेलच्या पोटातला प्रोग्राम उघडला आणि ओळ न् ओळ वाचत गेले. बेरीज करायच्या आधी अहवाल सर्व्हरवर जात होता. या आठवड्याचा निकाल आला नाही, अशी सगळी गावं शोधत होता आणि त्यांच्यापुढे शून्य टाकत होता. शेऱ्याच्या जागी ‘निरंक’.

सरकारी कामात रकाना रिकामा ठेवायची रीत नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर निरंक लिहायचं. आधीच्या ऑपरेटरनं ही रीत प्रोग्राममध्ये घातली होती, एवढंच. दरवेळी हातानं कोण लिहीत बसेल, असा साधा विचार केला असेल त्यानं. मुख्य पासवर्ड असल्यामुळे आजवर त्याला कुणी अडवलं नव्हतं.

“भाऊ, तुमच्या गावात ताप कधीपासून हाये?”

“पोळ्यापासून.”

“पट्ट्या कुठी हायेत?”

“दोन गावच्या प्रयोगशाळेत, डब्ब्यात पडून. तिसऱ्याच्या पुरानं आल्याच नाई. तपासणाऱ्याले मतदार याद्यांच्या कामावर धाडलं न साहेबानं.”

मी सर्व्हरवर त्यांची तीन गावं काढली. पोळ्यापासून दर आठवड्याला शून्य, निरंक. तपासल्याची तारीख एकाही नोंदीपुढे नव्हती. स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

ते चष्मा वर-खाली करत बघत राहिले. “हे शून्य कोनं लिवलं?”

“अहवालानं. आपोआप.”

“असं कसं आपोआप? हात त कोनाचा असंन.” मग हळू म्हणाले, “म्हनजे तू पासवर्ड देला असता, त आजबी शून्यच पडलं असतं.”

लिहिणाऱ्या ओळी मी काढून टाकल्या आणि नव्या खात्यानं अहवाल पहिल्यांदा सरळ उघडला. भाऊंच्या गावांपुढे या आठवड्याला आता काहीच नव्हतं. तिथं दिसण्यापुरतं ‘तपासणी बाकी’ असं येईल, अशी सोय केली. सर्व्हरवर त्यातलं एक अक्षरही लिहिलं जात नव्हतं.

मंगळवारी बैठकीत साहेबांनी पान उलटलं आणि ते थांबले. “हे बाकी-बाकी काय आहे? निरंक लिही.”

“सर, तिथं निरंक नाही. आपल्याला माहीत नाही.”

“वर असं पाठवता येत नाही.”

“मग वर खोटं पाठवायचं का? गावात माणसं पडली आहेत आणि आपण शून्य लिहून त्यांच्या तोंडावर दार...”

“भाषण नको.”

माझं पुढचं वाक्य तयार होतं, तेवढ्यात भाऊ उठून उभे राहिले. “साहेब, ट्रक नका देऊ मले. तपासनारा मानूस द्या, एक दिवस. ताप नाई निंघाला, त मी सोता माया हातानं निरंक लिवतो.”

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. मतदार याद्यांच्या कार्यालयात फोन केला, तिथल्या कुणाशी तरी दहा मिनिटं हुज्जत घातली आणि प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला एका दिवसापुरता परत मागून घेतला. तो चंद्रपूरच्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरातला मुलगा होता. आल्या आल्या त्यानं डबे बघितले, “या अल्ला, एवढ्या?” म्हणाला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला, तो चहालाही उठला नाही. निकाल जसजसे येत, तसतशी मी नोंद करत गेले. दुपारनंतर भाऊ शेजारच्या यंत्रावर बसले. नव्या खात्यानं त्यांनीच अहवाल उघडला आणि दर थोड्या वेळानं बटण दाबत राहिले. त्यांची दोन गावं यादीच्या तळातून वर सरकत गेली. सगळ्यात वर पोचली, तेव्हा कुठे त्यांनी बटण सोडलं. तिसऱ्या गावच्या पट्ट्या नाल्याला पूर आल्यामुळे आल्याच नव्हत्या.

बुधवारी ट्रक दोन गावांना गेला. तिसऱ्या गावापुढे ‘तपासणी बाकी’ तसंच राहिलं. गुरुवारी ते तसंच होतं. मी कितीदा तरी अहवाल उघडून बघत होते, जणू माझ्या बघण्यानं पूर उतरणार होता. साहेब येता-जाता माझ्या स्क्रीनकडे नजर टाकत आणि चिडून पुढे जात.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी थांबले. “त्या बाकीचं काय झालं?”

“सर, नाला रात्री उतरला म्हणतात. भाऊ खाली उभे आहेत.”

त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग ड्रायव्हरला हाक मारून ट्रक काढायला सांगितलं आणि तंत्रज्ञाला याद्यांच्या कामावरून पुन्हा मागवून सूक्ष्मदर्शकासह सोबतच बसवलं, पट्ट्या इकडे यायची वाट बघू नका म्हणाले. भाऊ पुढच्या सीटवर चढले, गोळ्यांचा खोका मांडीवर घेतला आणि ट्रक फाटकाबाहेर पडला.