नऊ की एक

सोमवारी सकाळी साहेबांनी मला खोलीत बोलावलं आणि बसा म्हणाले नाहीत. एरवी मजूर बायकांनाही ते बसा म्हणायचे. तेव्हाच मी समजले.

नव्वदच्या नंतरची गोष्ट आहे, साल आठवत नाही. राहुरीच्या बाजूला संशोधनाचं एक फार्म होतं. जवळच्या देवळालीहून मी तिथे पायी जायचे, रोजंदारीवर. तिथल्या दोन एकर उसात बारा नळ्या पुरल्या होत्या. नळीत पाणी, खाली भाजल्या मातीचं टोक, वर घड्याळासारखी तबकडी. जमीन सुकली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा वर चढतो. पाणी दिलं की काटा उतरतो. प्रत्येक नळीशेजारी एक वायर जमिनीत गेलेली होती. त्या सगळ्या वायरी खोलीतल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या. कॉम्प्युटर आपला आपण ओल मोजायचा आणि आपला आपण ठिबकचा कॉक उघडायचा. कोणी हात लावायचा नाही. अर्धं यंत्र इथल्या लोकांनी केलेलं, अर्धं हॉलंडच्या.

पण यंत्र खरं बोलतंय का, हे तपासायला माणूस लागत होता. ते काम माझ्याकडे होतं. रोज सकाळी सात वाजता बारा काटे बघायचे, छापील कागदावर लिहायचे. यंत्राचा आकडा मला दाखवायचा नाही, हा नियम. महिना भरला की माझे कागद आणि कॉम्प्युटरची फ्लॉपी पोस्टाने हॉलंडला जायची आणि तिथे कोणीतरी दोन्ही शेजारी मांडायचं.

कागद परदेशी जाणार म्हणून आकडे इंग्रजीत हवे होते. मी मिशनच्या शाळेत चौथी झालेली, मला मराठीच येत होते. पुण्याची एक मुलगी तिथे संशोधन करत होती, तिला आम्ही मॅडम म्हणायचो. तिने पुठ्ठ्यावर इंग्रजी आकडे काढून दिले आणि दोन दिवसांत मी ते शिकले. खुरपणीच्या बायकांना ते सोसलं नाही. "मास्तरीणबाई आल्या, बाजूला व्हा गं," असं म्हणायच्या. मी लक्ष दिलं नाही. उन्हात वाकण्यापेक्षा तबकडी बघणं बरं, हे त्यांनाही कळत होतं.

तर सोमवारी साहेबांच्या टेबलावर हॉलंडहून आलेला लांबलचक कागद पसरला होता. एका बाजूला यंत्राचे आकडे, दुसऱ्या बाजूला माझे, तिकडे टाईप केलेले. काही ओळींना लाल खुणा होत्या.

"मावशी, तुम्ही रविवारी फार्मवर येता का?"

"येते की. काटं बघून मग चर्चला जाते."

"कोणी बघितलंय तुम्हाला?"

"रविवारी कोन असतंय इथं बघायला? कुत्रं असतंय."

ते हसले नाहीत. "यंत्र म्हणतंय चौदा आणि तुम्ही लिहिलंय अठ्ठ्याण्णव. यंत्र म्हणतंय एक्केचाळीस, तुमचे एकोणनव्वद. ही तबकडी पंच्याऐंशीच्या वर टिकतच नाही. नळीत हवा शिरते आणि काटा खाली पडतो. मग अठ्ठ्याण्णव कुठून आले?"

"मी अठ्ठ्याण्णव कधी बघितलाच न्हाई."

"लाल खुणा बघा. जवळजवळ सगळे रविवार आहेत."

मी बघितलं. तारखा मला वाचता येत होत्या. खरंच रविवार होते. साहेब खोटं बोलत नव्हते आणि मीही नव्हते.

मग ते आवाज खाली आणून बोलले. गुरुवारी हॉलंडची बाई येणार होती. पुढची तीन वर्षं प्रयोग चालवायचा की इथेच गुंडाळायचा, ते ती ठरवणार होती. "तुमचे आकडे खरे धरले तर आमचं यंत्र वेडं ठरतं. घरी बसून लिहिले असतील तर तसं सांगून टाका. तुमचं हे काम जाईल, पण तुम्हाला खुरपणीला ठेवीन, माझा शब्द."

"घरी बसून लिहिलं न्हाई तर सांगू कसं?"

"विचार करा," ते म्हणाले.

तीन दिवस मी विचार केला. कबूल केलं तर रोजगार बुडणार नव्हता, सगळ्यांचंच भागलं असतं. पण गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकी. चर्चच्या पास्टरपासून शाळामास्तरपर्यंत सगळे ओळखीचे. ही बाई पगार घेऊन खोटं लिहायची, आणि तेही रविवारी, चर्चला जायच्या आधी, हे चार दिवसांत सगळीकडे झालं असतं. खुरपणीच्या बायकांत ते पोचलंच होतं. माझ्याशी त्या बोलेनाशा झाल्या. एकजण तेवढी म्हणाली, "आक्के, कबूल कर न् मोकळी हो. आमी काय साधूसंत हाय का?"

"तू न्हाईस. पर मी लिवलंच न्हाई तर?"

"मग यंत्राला भूत लागलं म्हन."

रोज सकाळी काटे बघताना मी एकेक आकडा दोनदा बघू लागले. मलाच माझा भरवसा वाटेना. डोळे गेले असतील का, असंही वाटून गेलं.

गुरुवारी बाई आली. उंच, उन्हाने नाक सोललेली. तिने पिशवीतून माझे मूळ कागद काढले. तिकडेच राहिलेले ते कागद मी त्या दिवशी पुन्हा बघितले. एका ओळीवर बोट ठेवून ती मॅडमला काहीतरी म्हणाली.

"मावशी, हे वाचा म्हणताहेत," मॅडम म्हणाली.

मी वाचलं. "चौदा."

मॅडम बाईला इंग्रजीत सांगणार होती, ती थांबली. "परत वाचा."

"चौदा. दिसत न्हाई का?"

मॅडम कागदावर वाकली. मग कपाळाला हात लावून म्हणाली, "मावशी, तुम्ही हे मराठीत लिहिलंय!"

तसंच होतं. पाच, सहा, सात इंग्रजीत काढताना मला थांबावं लागायचं, त्यामुळे ते नीट यायचे. पण हात घाईत असला की एक आणि चार शाळेत गिरवलेलेच उतरायचे. मराठी एक तिकडे टाईप करणाऱ्यांना नऊ दिसला आणि मराठी चार आठ दिसला. चौदाचे अठ्ठ्याण्णव झाले ते असे. आणि घाई असायची ती रविवारी, पहिली घंटा व्हायच्या आत पोचायचं म्हणून.

साहेब खुर्चीत मागे टेकले. "सुटलो," म्हणाले. मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

मॅडमने बाईला सगळं समजावलं. बाईने मान हलवली, पण कागद आवरले नाहीत. तिने दुसरी ओळ दाखवली. तिथे अठ्ठावीस होते.

"हे अठ्ठावीस आहेत की चोवीस?" मॅडमने विचारलं.

मी कागद खिडकीपाशी नेला. आठही असेल, चारही असेल. काटा अठ्ठावीसवर असू शकतो, चोवीसवरही असू शकतो. पुढच्या ओळीत एकोणीस होते. की एक इंग्रजी, एक मराठी असे अकरा? मी बघत राहिले. अक्षर माझं आणि मलाच लागेना.

साहेब उठून शेजारी आले. लांब कागदाची घडी माझ्यासमोर उघडली आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "यंत्राचे चोवीस आहेत, बघा. म्हणजे तुमचेही चोवीसच. एकेक लावून टाका, दहा मिनिटांचं काम."

बाईला मराठी येत नव्हतं. मॅडम खाली बघत होती. नुसतं चोवीस म्हणायचं होतं. यंत्र बरोबर, मी बरोबर, साहेब खूश. आणि बहुतेक ते चोवीसच होते.

"असतील चोवीस," मी म्हणाले. "पर मला ठाव न्हाई. यंत्राचं बघून लिवायचं तर मी काय उसाला ववाळायला जात हुते का सकाळचं?"

"मावशी, हट्ट करू नका."

"मॅडम, बाईला सांगा. काही वळी मला लागत न्हाईत. साहेब म्हनतात यंत्राचं बघून लावा. लावू का, इचारा."

साहेबांचा चेहरा उतरला. मॅडमने किती सांगितलं आणि किती गाळलं, ते मला कळलं नाही. बाईने तो लांब कागद उचलला, घडी घातली आणि स्वतःच्या मांडीवर उलटा ठेवला. मग माझे कागद माझ्यासमोर सरकवले आणि पेन मॅडमला दिलं.

दुपार होईपर्यंत आम्ही बसलो. मी एकेक ओळ वाचायचे, मॅडम लिहायची. जिथे खात्री नव्हती तिथे मी नाही म्हणायचे आणि बाई आडवी रेघ मारायची. प्रत्येक रेघेला साहेब सुस्कारा टाकायचे. शेवटी बावीस रेघा झाल्या. मग बाईने मांडीवरचा कागद सरळ केला आणि उरलेले आकडे यंत्राशी ताडून पाहिले. पुष्कळ वेळ लागला. तिने साहेबांशी हात मिळवला, तेव्हा मला समजलं की प्रयोग वाचला.

मॅडमकरवी तिने मला सांगितलं, यापुढे मराठीतच लिहा, आम्ही शिकू.

साहेब माझ्याशी नंतर तोलून मापून बोलले, पण कामावरून काढलं नाही. ऊस तुटेपर्यंत मी मराठीत लिहिलं. पुढच्या हंगामात मॅडमने येऊन सांगितलं की यंत्र आणि हाताचे आकडे जुळले, आता यंत्रावर विश्वास ठेवता येतो, रोज वाचायची गरज नाही. यंत्र खरं ठरलं ते माझ्या आकड्यांनी, आणि ते खरं ठरलं म्हणून माझं काम गेलं. राग आला. मॅडमवर काढण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन गेले.

त्या बावीस ओळी मात्र मला अजून टोचतात. साहेबांना नाही म्हणाले त्याचं काही वाटत नाही. लिहिताना घाई केली, ते वाटतं. चर्च काही पळून जात नव्हतं.